वस्तादाच्या शब्दाची पत

अनुभव आणि अधिकार या दोन गोष्टी आपण सहसा एकाच मापाने मोजतो. ज्याने चाळीस वर्षे एका धंद्यात घालविली, त्याचे त्या धंद्याविषयीचे प्रत्येक मत खरेच असणार, असे गृहीत धरण्याकडे आपला कल असतो. मुष्टियुद्धाच्या जगात तर वृद्ध प्रशिक्षकाचा शब्द प्रमाणच मानला जातो. कोणता मुलगा पुढे येईल, कोणाशी लढावे, कोणाला टाळावे, याचा निर्णय त्या शब्दावर होतो. आणि तो शब्द चुकला तर त्याची किंमत रिंगणात उतरलेल्या तरुणाला आपल्या देहाने चुकवावी लागते. म्हणूनच त्यावर विश्वास कितपत टाकावा, हा प्रश्न केवळ क्रीडारसिकांच्या गप्पांचा राहत नाही. अमेरिकेतील विख्यात प्रशिक्षक कस डॅमॅटो यांचे चरित्र या दृष्टीने वाचण्याजोगे आहे.

डॅमॅटो यांचा जन्म १७ जानेवारी १९०८ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, इटलीहून आलेल्या एका कुटुंबात झाला. लहानपणीच्या मारामारीत एका डोळ्याला इजा झाली आणि स्वतः मुष्टियोद्धा होण्याचा मार्ग बंद झाला. जे पुढे शिकले ते पाहून शिकले. मॅनहॅटनमधील चौदाव्या रस्त्यावरच्या ग्रॅमर्सी व्यायामशाळेत त्यांनी वर्षानुवर्षे गरीब वस्त्यांतील मुलांना तयार केले; कित्येक वर्षे त्यांचा मुक्कामही तेथेच असे. भीती शूरालाही वाटते आणि भित्र्यालाही वाटते, फरक पडतो तो वागण्यात, हा त्यांच्या शिकवणुकीचा गाभा होता.

त्यांनी आपल्या शिष्यांना दोन्ही मोजे गालांशी धरून, डोके सतत हलते ठेवून, प्रतिस्पर्ध्याच्या अगदी जवळ शिरून लढायला शिकविले. त्या काळच्या अनेक जाणत्यांनी या पद्धतीची टर उडविली. डॅमॅटो मात्र बधले नाहीत. शिष्य होजे टोरेस यांची विली पास्त्रानो यांच्याशी लढत ठरली, तेव्हा चौकटीला गाद्या गुंडाळून त्यांनी सरावाचे एक साधन तयार केले, त्यावर माणसाची आकृती काढली आणि कोणता ठोसा कोठे बसावा याचे आकडे घातले. प्रतिस्पर्ध्याच्या नावावरून त्या साधनाला विली हेच नाव पडले. ३० मार्च १९६५ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये टोरेस यांनी पास्त्रानोंना हरवून लाइट हेवीवेट गटाचे जागतिक विजेतेपद मिळविले. या प्रांतात डॅमॅटोंचा शब्द विश्वासार्ह होता, त्याला कारण आहे. डोके कोठे असावे, पाय कसा पडावा, याविषयीचे मत रोजच्या सरावात तपासले जाते आणि चूक असेल तर दुसऱ्याच मिनिटाला ठोसा बसून उघड होते. अशा हजारो दुरुस्त्यांतून तयार झालेली नजर म्हणजेच खरा अनुभव होय.

परंतु प्रशिक्षक हा बहुधा केवळ प्रशिक्षक नसतो. डॅमॅटो हे फ्लॉइड पॅटरसन यांचे व्यवस्थापकही होते. हेलसिंकी येथील १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळविणारे पॅटरसन ३० नोव्हेंबर १९५६ रोजी आर्ची मूर यांना हरवून, वयाच्या एकविसाव्या वर्षी हेवीवेट गटाचे तोवरचे सर्वांत तरुण जगज्जेते झाले. त्या वेळी अमेरिकेतील मुष्टियुद्धाचा बाजार जेम्स नॉरिस यांच्या इंटरनॅशनल बॉक्सिंग क्लबच्या मुठीत होता. विजेतेपद हाती येताच डॅमॅटोंनी या मक्तेदारीशी व्यवहार तोडला. हे धैर्य असामान्य होते. १९५९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो क्लब मोडीत काढण्याचा आदेश कायम केला, तेव्हा त्यांची भूमिका न्याय्य ठरली.

तथापि या तत्त्वनिष्ठेची दुसरी बाजूही होती. मक्तेदारीशी संबंधित म्हणून जे आव्हानवीर टाळले गेले, त्यांत काही खरोखरीचे बलवान होते. आणि पॅटरसन यांच्यासमोर उभे राहिले ते बहुधा दुय्यम प्रतीचे. १९५७ मध्ये तर पीट रॅडमाकर या ऑलिंपिक विजेत्याला त्याच्या पहिल्याच व्यावसायिक लढतीत थेट जगज्जेतेपदासाठी उतरविण्यात आले. तत्त्व कोठे संपते आणि धंद्याची सोय कोठे सुरू होते, हे बाहेरच्या माणसाला कळेनासे झाले. पुढे २६ जून १९५९ रोजी स्वीडनच्या इंगेमार योहान्सन यांनी तिसऱ्या फेरीत पॅटरसन यांना सात वेळा खाली पाडून विजेतेपद हिरावून घेतले. त्या लढतीच्या आयोजनात गुन्हेगारी जगाचा पैसा गुंतल्याबद्दल चौकशी झाली आणि डॅमॅटोंना न्यूयॉर्कमधील आपला परवाना गमवावा लागला. पुढच्याच वर्षी पॅटरसन यांनी योहान्सन यांना हरविले आणि गमावलेले हेवीवेट विजेतेपद परत मिळविणारे ते पहिलेच ठरले.

मग सॉनी लिस्टन यांचे आव्हान आले. डॅमॅटोंनी या लढतीस कसून विरोध केला. लिस्टन यांच्यामागे गुन्हेगार आहेत, असे ते कारण देत. शिष्याचा तेथे टिकाव लागणार नाही, हेही त्यांना दिसत असावे, असा अनेकांचा कयास होता. पॅटरसन यांनी गुरूचा शब्द बाजूस सारला. २५ सप्टेंबर १९६२ रोजी शिकागोत अवघ्या २ मिनिटे ६ सेकंदांत ते पराभूत झाले. पुढच्या जुलैतील दुसरी लढतही पहिल्याच फेरीत आटोपली. वस्तादाचे मत शंभर टक्के बरोबर होते. मग ते मानले का गेले नाही? स्वाभिमानी विजेत्याला आव्हान टाळणे लाजिरवाणे वाटले, हे एक कारण. दुसरे असे की सारी वर्षे नकारच देत आलेल्या माणसाचा हा नकार वेगळा आहे, हे ओळखण्याची खूण कोणापाशीच नव्हती. अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर मतालाही एक पत असते. सोयीच्या वेळी ती खर्च केली, तर निकडीच्या वेळी उसनवारीलाही उरत नाही.

१९७१ मध्ये डॅमॅटो दिवाळखोर झाले. न्यूयॉर्क राज्यातील कॅट्सकिल या लहानशा गावात, कॅमिल इवाल्ड यांच्या प्रशस्त घरी राहून ते पोलीस ठाण्यावरच्या मजल्यावर मुलांना शिकवू लागले. तेथेच सुधारगृहातील माइक टायसन नावाचा किशोर त्यांच्यासमोर आला. त्याचा पहिलाच सराव पाहून हा जगज्जेता होणार, असे त्यांनी सांगून टाकले. मुलाची आई १९८२ मध्ये वारल्यावर ते त्याचे कायदेशीर पालकही झाले. ४ नोव्हेंबर १९८५ रोजी डॅमॅटो निवर्तले. २२ नोव्हेंबर १९८६ रोजी ट्रेव्हर बर्बिक यांना हरवून टायसन विसाव्या वर्षी हेवीवेट गटाचा सर्वांत तरुण जगज्जेता झाला. मोडला तो पॅटरसन यांचाच विक्रम.

हे भाकीत वस्तादांच्या दिव्यदृष्टीचा पुरावा म्हणून नेहमी पुढे केले जाते. पण येथे भाकीत करणारा आणि ते घडवून आणणारा माणूस एकच होता. ज्याच्यावर आपला शब्द लावला, त्यालाच त्यांनी घर, अन्न, वेळ आणि माया दिली. शिवाय जे मूल्यमापन ठोशांपलीकडच्या गोष्टींचे, म्हणजे मुलाच्या स्वभावाचे होते, तेथे ही नजर अपुरी पडली. टायसनच्या गैरवर्तनाकडे काणाडोळा होत आहे, या मतभेदातून सहायक टेडी अॅटलास १९८२ मध्ये दूर झाले. १९९२ मध्ये बलात्काराच्या गुन्ह्यात टायसनला झालेली शिक्षा पाहता, त्या तरुण सहायकाची शंका अगदीच निराधार नव्हती, असे म्हणावे लागते.

अध्यापनाच्या व्यवसायात मलाही हा मोह परिचित आहे. नाव काढील असे ज्यांच्याविषयी मी म्हटले आणि ज्यांनी ते काढले, ते विद्यार्थी मला नावानिशी आठवतात. बाकीच्यांची नोंद माझ्यापाशी नाही. आणि विषय निवडण्यासाठी सल्ला मागायला येणारा विद्यार्थी ती नोंद कधीच मागत नाही.

डॅमॅटो थोर प्रशिक्षक होते, यात संशय नाही. त्यांनी पैशासाठी तत्त्व विकले नाही आणि मुलांवर पोटच्या मुलांसारखे प्रेम केले. परंतु थोर माणसाचेही मत हिश्शाहिश्शाने तपासून घ्यावे, हेच त्यांचे चरित्र सांगते. रोज डोळ्यांसमोर सिद्ध होणाऱ्या गोष्टींत अशा वस्तादाचा शब्द निःशंकपणे मानावा. ज्या निर्णयात त्याचा स्वतःचा हितसंबंध आहे, तेथे तो ऐकावा, पण दुसऱ्या कोणाचेही मत घ्यावे. आणि तो एखाद्या मुलाचे भविष्य सांगू लागला, तर त्याच्या चुकलेल्या भाकितांची यादी नम्रपणे मागावी. खरा वस्ताद असेल तर तो रागावणार नाही.