उद्योगमहर्षी शेठ वालचंद हिराचंद

शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे एका दिगंबर जैन व्यापारी कुटुंबात झाला. घरची पेढी सावकारीची व कापसाची. परंतु या तरुणाचे मन त्यात रमले नाही. श्री. लक्ष्मणराव फाटक नावाचे एक गृहस्थ रेल्वेतील कारकुनी सोडून ठेकेदारीत उतरले होते. अनुभव त्यांचा आणि पत व भांडवल वालचंदांचे, अशी भागीदारी जमली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून फाटक-वालचंद या नावाचा बोलबाला झाला. पुढे १९२० साली, ज्या टाटांशी ठेके मिळविण्यासाठी झुंजावे लागले असते, त्यांच्याशीच हातमिळवणी करून टाटा कन्स्ट्रक्शन कंपनी उभी राहिली. लहान पेढीने मोठ्या घराण्याशी असे जुळवून घ्यावे आणि तरीही आपले स्वत्व राखावे, हे वाटते तितके सोपे नव्हे.

परंतु त्यांची खरी कसोटी लागली ती समुद्रावर. १९१९ साली श्री. नरोत्तम मोरारजी प्रभृतींच्या साहाय्याने त्यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापिली. ग्वाल्हेरच्या महाराजांची, युद्धात रुग्णनौका म्हणून वापरलेली 'लॉयल्टी' ही आगबोट विकत घेण्यात आली व ५ एप्रिल १९१९ रोजी ती मुंबईहून विलायतेस निघाली. बोट जुनी होती, सफर आतबट्ट्याची ठरली आणि १९२३ साली ती मोडीत निघाली.

त्या काळी हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरील वाहतूक लॉर्ड इंचकेप यांच्या ब्रिटिश इंडिया कंपनीच्या मुठीत होती. ब्रह्मदेशच्या तांदळाचे भाडे त्या कंपनीने इतके उतरविले की, नवागताचे दिवाळे वाजावे. याच डावपेचाने पूर्वी अनेक देशी कंपन्या बुडाल्या होत्या. सिंदिया विकत घेण्याचीही तयारी इंचकेपांनी दाखविली. ती नाकारण्यात आली. अखेर १९२३ साली दहा वर्षांचा करार झाला. किनाऱ्यावरील मालाची वाहतूक सिंदियाने करावी, परदेशी मार्गांवर जाऊ नये, आणि जहाजांच्या टनभारासही मर्यादा असावी, अशा त्याच्या अटी होत्या.

या करारास कित्येकांनी शरणागती म्हटले. स्वतः वालचंदांसही त्या अटी रुचल्या नव्हत्या. प्रस्तुत लेखकाचे मत निराळे आहे. ज्याची गंगाजळी आटत आली आहे, त्याने भाडेयुद्ध आणखी दोन वर्षे चालविले असते, तर भागधारकांचे पैसे आणि देशी नौकानयनाची आशा ही दोन्ही एकदम बुडाली असती. करारामुळे भाडी स्थिरावली, कंपनीस श्वास घेण्यास अवसर मिळाला, खलाशी व अधिकारी तयार झाले. आणि वालचंद स्वस्थ बसले नाहीत, हे महत्त्वाचे! किनारी व्यापार देशी जहाजांसाठी राखून ठेवावा म्हणून १९२८ साली सिंदियाचेच श्री. साराभाई हाजी यांनी मध्यवर्ती विधिमंडळात विधेयक आणले. म्हणजे एका हाताने करार पाळावयाचा व दुसऱ्या हाताने तो अनावश्यक ठरेल अशी तजवीज करावयाची! १९२९ साली नरोत्तम मोरारजींच्या अपघाती निधनानंतर अध्यक्षपदाची धुरा वालचंदांकडेच आली.

साखर, विमाने, मोटारी या त्यांच्या इतर उद्योगांविषयी येथे विस्तार करीत नाही. मात्र २१ जून १९४१ रोजी बाबू राजेंद्रप्रसादांच्या हस्ते ज्या गोदीची कोनशिला बसली, त्या विशाखापट्टणच्या गोदीतून १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंनी 'जलउषा' हे जहाज पाण्यात सोडले. स्वातंत्र्यानंतर किनारी व्यापार देशी जहाजांसाठी राखूनही ठेवण्यात आला. ८ एप्रिल १९५३ रोजी सिद्धपूर येथे शेठजी निवर्तले. 'लॉयल्टी' निघाली तो ५ एप्रिल हा दिवस १९६४ पासून राष्ट्रीय नौकानयन दिन म्हणून पाळला जातो.