बीथोव्हेन व त्याचा कर्णनाद

ज्या स्वरमालेवर आज अनेक देशांतील ख्रिस्तमंदिरांत आनंदाचें एक स्तोत्र गाइलें जातें, ती रचणाऱ्या पुरुषास स्वतःची ती रचना कानांनीं ऐकतां आली नाहीं, हें आमच्या कित्येक विद्यार्थिबंधुभगिनींस ठाऊक नसेल. म्हणून त्या लुडविग व्हान बीथोव्हेनचें अल्प चरित्र आम्ही येथें सादर करीत आहों.

ऱ्हाइन नदीच्या तीरावरील बॉन या गांवीं बीथोव्हेन जन्मास आला. ता. १७ डिसेंबर १७७० रोजीं त्याचा बाप्तिस्मा झाला. त्याचे आजोबा व वडील दोघेही तेथील दरबारचे गायक होते. इ. स. १७९२ मध्यें तो व्हिएन्ना शहरीं आला आणि थोड्याच वर्षांत पियानोवादक म्हणून त्याची कीर्ति सर्वत्र पसरली. परंतु वयाचीं तीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच त्याच्या कानांत रात्रंदिवस गुणगुण होऊं लागली व ऐकूंही कमी येऊं लागलें. या विकारास कर्णनाद असें म्हणतात.

प्रथम त्यानें ही गोष्ट लपविली. संगीतकारच बहिरा, असें कळल्यास वैरी काय म्हणतील, या भीतीनें तो लोकांत मिसळेनासा झाला. अशीं सुमारें दोन वर्षें गेल्यावर, १८०१ सालीं, त्यानें आपला वैद्य असलेला जुना मित्र वेगेलर यास पत्रानें सर्व हकीकत कळविली. कानांत बदामाचें तेल घालणें, औषधी स्नानें वगैरे उपाय झाले. गुण मात्र आला नाहीं. पुढील वर्षीं हायलिगेनश्टाट या खेड्यांत राहत असतांना तो इतका निराश झाला कीं, जीवनाचा शेवट करावा असेंही त्याच्या मनांत आलें. परंतु अंगच्या कलेचें ऋण फेडल्यावांचून जाणें त्यास पटेना. तो पुन्हां कामास लागला.

१८१२ ते १८१४ च्या सुमारास मेल्त्सेल नांवाच्या यंत्रज्ञानें त्याच्याकरितां धातूचे कर्णे तयार केले. रुंद तोंडानें आवाज गोळा करून तो नळीवाटें कानांत पोंचवावयाचा, एवढीच त्यांतील युक्ति. बॉन येथील त्याच्या जन्मगृहांत ते आजही पाहावयास मिळतात. कर्ण्यांनीं बहिरेपण थांबलें नाहीं. १८१८ पासून भेटीस येणारे आपलें म्हणणें वहींत लिहीत व तो बहुधा तोंडीं उत्तर देई. व्यंग झांकून ठेवण्याचे दिवस आतां संपले होते.

ता. ७ मे १८२४ रोजीं व्हिएन्ना येथें त्याची नववी सिंफनी प्रथम वाजविली गेली. श्रोत्यांनीं टाळ्यांचा कडकडाट केला. परंतु पाठमोऱ्या बीथोव्हेनला त्याची दादच नव्हती. तेव्हां एका गायिकेनें त्यास हळूच श्रोत्यांकडे वळविलें, आणि जें कानांस कळलें नव्हतें तें त्याच्या डोळ्यांस दिसलें. ता. २६ मार्च १८२७ रोजीं त्याचें देहावसान झालें.

मेल्त्सेलच्या कर्ण्यांच्या जागीं आज विजेवर चालणारीं लहानशीं श्रवणयंत्रें आलीं आहेत. रात्रीच्या शांततेंत घड्याळाची टिकटिक मोठी वाटते आणि दिवसाच्या गजबजाटांत ती जाणवतही नाहीं. तशीच कांहींशी कर्णनादाची गोष्ट आहे. ऐकूं कमी येणाऱ्या मनुष्यास यंत्रामुळें बाहेरचे आवाज पुन्हां ऐकूं येऊं लागले, म्हणजे आंतील नाद पुष्कळदां मागें पडतो. तो समूळ नाहींसा होतोच असें नाहीं. पण तो सोसणें सोपें होतें.

आमच्या शाळेंत मागल्या बांकावरील एखाद्या मुलास शिक्षकांचे शब्द नीट कळत नसतील, किंवा एखाद्याच्या घरीं आजोबांचे कान वाजत असतील. त्यांनीं लाजून गप्प बसूं नये, व पालकांनींही तें हट्ट किंवा म्हातारपण समजून सोडून देऊं नये. वेळीच कानांच्या डॉक्टरांस दाखवावें. बीथोव्हेननें मौनांत काढलेलीं तीं दोन वर्षें आज कोणासही काढण्याचें कारण नाहीं.