भट्टीला माप लावणारा कुंभार

भट्टी पुरेशी तापली की नाही, हे अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये कामगाराच्या डोळ्यांवर ठरत असे. झरोक्यातून आत डोकावायचे, विस्तवाचा रंग पाहायचा आणि निर्णय द्यायचा. कुणी त्याला लाल म्हणे, कुणी गडद लाल, कुणी पांढरट. एकाचा लाल तो दुसऱ्याचा लाल असेलच, याची खात्री नव्हती. विशेषणांच्या या गोंधळात अनेक दिवसांची मेहनत वाया जाई. कधी भांडी कच्ची राहत, कधी वाकडी होऊन बाहेर पडत.

या गोंधळावरचा उपाय १७८२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आला. तो मांडणारा गृहस्थ विद्यापीठाची पायरी चढलेला नव्हता. तो एका पायाने अधू असलेला, कुंभाराच्या घराण्यात जन्मलेला कारखानदार होता. त्याचे नाव जोसाया वेजवुड. पुढच्याच वर्षी सोसायटीने त्याला आपल्या सदस्यांत सामावून घेतले. चार्ल्स डार्विनचा आजोबा म्हणून आज तो अनेकांना ठाऊक असतो. व्यापाराच्या इतिहासात मात्र त्याचे स्थान स्वतंत्र आहे.

स्टॅफर्डशायर परगण्यातील बर्सलेम हे कुंभारांचे गाव. तेथे १७३० मध्ये जोसायाचा जन्म झाला. भावंडांत तो सर्वांत धाकटा. नऊ वर्षांचा असताना वडील वारले आणि शाळा सुटली. पुढे देवीची साथ आली. त्यातून तो वाचला, पण उजवा गुडघा कायमचा निकामी झाला. पायाने चाक फिरवणे हा कुंभाराच्या धंद्याचा प्राण. तेच त्याला अशक्य झाले. थोरल्या भावाकडे उमेदवारी करताना त्याचे लक्ष मग चाकावरून मातीकडे, झिलईकडे आणि भट्टीकडे वळले. दुखण्याने त्याला कारागिरीतून बाजूला काढले नसते, तर तो उत्तम कुंभार झाला असता आणि कदाचित तेवढाच राहिला असता.

टॉमस व्हील्डन या नामवंत कुंभाराशी भागीदारीत काम करत असताना १७५९ मध्ये त्याने प्रयोगांची वही घातली. प्रत्येक मिश्रणाला क्रमांक, प्रत्येक क्रमांकापुढे घटकांचे प्रमाण आणि भट्टीत काय घडले त्याची नोंद. वरवर पाहता ही साधी कारकुनी होती. परंतु त्या काळी कुंभारकामातील ज्ञान बापाकडून मुलाकडे तोंडी जाई आणि सांगणाऱ्याबरोबरच संपे. चांगला निघालेला माल पुन्हा तसाच काढता येणे, ही गोष्ट नशिबाची मानली जाई. वेजवुडने ती नशिबाकडून काढून घेतली.

त्याच वर्षी त्याने बर्सलेममध्ये स्वतःचा कारखाना सुरू केला. सायीच्या रंगाची, हलकी, गुळगुळीत भांडी ही त्याची खासियत. १७६५ मध्ये राणी शार्लटसाठी चहाचा संच बनवण्याचे काम त्याच्याकडे आले. ते त्याने असे साधले, की पुढे ती भांडी राणीच्याच नावाने विकली जाऊ लागली. आता सरदार-उमरावांच्या घरून मागण्या येऊ लागल्या आणि खरी परीक्षा सुरू झाली. सायीच्या रंगाची छटा प्रत्येक भट्टीत थोडी वेगळी येई. आज घेतलेल्या ताटाशेजारी सहा महिन्यांनी घेतलेले ताट ठेवले, तर फरक दिसे. नाव मोठे आणि लक्षण खोटे असे होऊ द्यायचे नसेल, तर सुंदर माल काढणे पुरेसे नव्हते. तो एकसारखा निघणे आवश्यक होते.

लिव्हरपूलचा व्यापारी टॉमस बेंटली याच्याशी त्याची ओळख १७६२ मध्ये झाली. तीही गुडघ्यामुळेच. प्रवासात पाय दुखावला आणि त्या शहरात अंथरुणाला खिळून राहावे लागले. बेंटली सुशिक्षित, भाषा जाणणारा, माणसांत वावरणारा. पुढे तो भागीदार झाला आणि लंडनची बाजू सांभाळू लागला. दोघांमधील पत्रव्यवहार हा या व्यवसायाचा कणा ठरला. कोणता आकार गिऱ्हाइकाला आवडला, कोणत्या बाईंनी कशाला नाक मुरडले, कोणता माल पडून आहे, हे बेंटलीने कळवायचे. काय करता येईल, काय येणार नाही आणि केव्हा मिळेल, हे वेजवुडने सांगायचे. कारखाना आणि दुकान यांत दीडशे मैलांचे अंतर होते, पण पत्रांमुळे ते एकाच छपराखाली असल्यासारखे चालत. वेजवुडची पत्रे बरीचशी टिकली, बेंटलीची मात्र बहुतेक गहाळ झाली. त्यामुळे संवादाची एकच बाजू इतिहासाला ऐकू येते.

दुखरा पाय अखेर १७६८ च्या २८ मे रोजी गुडघ्याच्या वरून कापावा लागला. भूल देण्याची सोय तेव्हा नव्हती. शस्त्रक्रियेनंतर लाकडी पाय लावून तो पुन्हा कामावर हजर झाला. सदोष भांडे दिसले की हा गृहस्थ ते लाकडी पायाने फोडून टाकी, अशी आख्यायिका त्याच्याभोवती तयार झाली. ती खरी असो वा नसो, त्याच्या कामगारांना ती खरी वाटण्याजोगी होती, हे महत्त्वाचे.

पुढच्याच वर्षी, १७६९ मध्ये, एट्रुरिया हा नवा कारखाना उभा राहिला. जवळून ट्रेंट आणि मर्सी नद्यांना जोडणारा कालवा जाणार होता. त्यासाठी वेजवुडने जिवाचे रान केले होते आणि १७६६ मध्ये पहिली कुदळही त्यानेच मारली होती. खाचखळग्यांच्या रस्त्यावरून घोड्यांच्या पाठीवर जाणारी भांडी वाटेतच फुटत. पाण्यावरून ती सुखरूप जाणार होती. कारखान्यात प्रत्येकाचे काम वेगळे नेमलेले, वेळेवर घंटा, हजेरी आणि दंडाचे नियम. सोमवारी दांडी मारून दारू पिण्याची जुनी रीत असलेल्या कारागिरांना हे जाचक वाटले, यात नवल नाही. जत्रेच्या दिवशी मात्र त्याची घंटाही कुणी ऐकत नसे.

एवढे सर्व असूनही १७७२ मध्ये हा व्यवसाय बुडता बुडता वाचला. त्या वर्षी जूनमध्ये लंडनची एक पेढी कोसळली आणि तिच्या पाठोपाठ इंग्लंड-स्कॉटलंडमधील पतपुरवठ्याचे जाळे फाटले. पण वेजवुडचे दुखणे त्याआधीच सुरू झाले होते. शोभेच्या कलशांची लाट आली, तेव्हा मागणी अशीच राहील असे गृहीत धरून तो माल काढत गेला. आदल्या वर्षी जर्मन संस्थानांतील उमरावांकडे न मागता मालाच्या पेट्या पाठवण्याची योजनाही त्याने आखली होती. एकेक पेटी सुमारे वीस पौंडांची आणि संख्या हजाराच्या घरात. पुढे बहुतेकांनी पैसे चुकते केले खरे, पण तोवर रक्कम परदेशात अडकली. वखारीत कलश भरलेले, तिजोरीत रोकड नाही.

अशा वेळी दर पाडून माल फुंकून टाकणे किंवा कामगार काढणे, हे सोपे मार्ग होते. वेजवुड हिशेबाच्या वह्या घेऊन बसला. एका कलशाला नेमका किती खर्च येतो, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारला आणि उत्तर आपल्याला ठाऊक नाही, हे त्याच्या ध्यानात आले. माती, कोळसा, मजुरी, भाडे, साचे, कारकून, फुटतूट असा एकेक खर्च त्याने वेगळा काढला. त्यातून दोन गोष्टी उघड झाल्या. साचे, भाडे, पगार हा खर्च माल थोडा काढा वा पुष्कळ, जवळपास तेवढाच राहतो. म्हणजे दर आठवड्याला नवनव्या आकारांचे चार-चार नग काढण्याची हौस महाग पडत होती. थोडे आकार मोठ्या संख्येने काढले, तर प्रत्येक नग स्वस्त पडणार होता. दुसरी गोष्ट अधिक कटू होती. अंदाजलेला खर्च आणि प्रत्यक्ष आकडे जुळेनात. शोध घेतला, तेव्हा लंडनच्या दुकानातील मुख्य कारकुनाने हात मारल्याचे निष्पन्न झाले. पत्रांतून गिऱ्हाइकाच्या नाकावरची माशीसुद्धा कळत होती, पण गल्ल्याचा हिशेब कुणी मागितलाच नव्हता. वसुलीची आणि कीर्द-खतावणीची नवी शिस्त लागली ती त्यानंतर.

कलशांचे दर मग त्याने विचारपूर्वक उतरवले. उमरावांची दिवाणखाने भरून झाली होती. आता तीच वस्तू मध्यमवर्गाला हवी होती. जेवणाच्या भांड्यांचे दर मात्र स्पर्धकांपेक्षा चढेच राहिले. विकत घेणाऱ्याला आपण काय घेतो आहोत हे आधी कळावे, म्हणून छापील सूचीपत्रे निघाली आणि त्यांचे परदेशी भाषांत अनुवाद झाले. भांड्याच्या तळाशी वेजवुडचे नाव ठशाने उमटू लागले. पसंत नसलेला माल परत घेण्याची हमी दिली जाई. नाव तळाशी असल्यावर दोष दुसऱ्यावर ढकलण्याची सोय उरत नाही.

रशियाची सम्राज्ञी कॅथरीन हिने ९५२ नगांचा संच मागवला, तो १७७४ मध्ये तयार झाला. त्यावर ब्रिटनमधील बाराशेहून अधिक दृश्ये हाताने रंगवलेली होती आणि प्रत्येक नगावर एक हिरवा बेडूक, कारण ज्या राजवाड्यासाठी ही भांडी होती, तो बेडकांच्या दलदलीच्या जागी उभा होता. या कामात नफा नगण्य झाला. पण रवाना करण्यापूर्वी संच लंडनच्या ग्रीक स्ट्रीटवरील दालनात मांडला, तेव्हा तो पाहण्यास खुद्द इंग्लंडची राणी आली.

फिकट निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या उठावाच्या आकृत्या असलेले जास्पर हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध काम. सर्वांत जास्त छळही त्यानेच केला. एकाच नावाने आलेले खनिज एका खेपेला वितळे, दुसऱ्या खेपेला जसेच्या तसे राही. नाव एक, वस्तू दोन. हजारो चाचण्यांनंतर १७७० च्या दशकाच्या उत्तरार्धात हे तंत्र हाती आले.

बेंटली १७८० मध्ये वारला. लंडनचे कान आणि डोळे गेले. त्यानंतर दोन वर्षांनी आला तो उष्णतामापक. मातीच्या ठरावीक आकाराच्या गोळ्या भट्टीत ठेवायच्या. आच जितकी अधिक, तितक्या त्या आकसतात. मग ती गोळी निमुळत्या होत जाणाऱ्या पितळी खाचेत सरकवायची आणि जेथे अडेल तेथला आकडा वाचायचा. त्याने उच्च तापमानांचे जे अंदाज बांधले, ते पुढे फारच चढे ठरले. शिवाय मूळ माती संपल्यावर नवी माती तशीच आकसेना आणि मिश्रण बदलावे लागले. जन्मभर ज्या शत्रूशी झुंज दिली, तो त्याच्या मापातच शिरला होता! तरीही भट्टीवरच्या दोन माणसांना आता रंगावरून वाद घालावा लागत नव्हता.

गुलामांच्या व्यापाराविरुद्ध १७८७ मध्ये त्याने काढलेले, साखळदंडातील गुडघे टेकलेल्या आफ्रिकी माणसाचे पदक इंग्लंडभर पसरले. पोर्टलँड कलशाची प्रतिकृती साधण्यासाठी त्याने सुमारे चार वर्षे खर्ची घातली आणि १७९० मध्ये ती लोकांपुढे ठेवली. ३ जानेवारी १७९५ रोजी एट्रुरियात त्याचे निधन झाले. त्याची कन्या सुझाना हिने रॉबर्ट डार्विनशी विवाह केला आणि १८०९ मध्ये त्यांना चार्ल्स झाला.

वेजवुडच्या नावाची कंपनी जानेवारी २००९ मध्ये दिवाळखोरीत जाऊन प्रशासकांच्या ताब्यात गेली आणि पुढे तिचे मालक बदलले. तिचा जुना संग्रह विकला जाण्याची वेळ आली, तेव्हा २०१४ मध्ये लोकवर्गणी आणि देणग्यांतून तो वाचवण्यात आला. स्टॅफर्डशायरमधील बार्लस्टन येथे तो पाहता येतो. राण्यांच्या संचांइतकेच तेथील जास्परच्या चाचण्यांचे तबक पाहण्यासारखे आहेत. बोटाच्या पेराएवढे निळे-पांढरे तुकडे ओळीने मांडलेले आणि प्रत्येकावर कोरलेला एकेक क्रमांक.