काचेवरचा कागद

अमेरिकेत नव्या मोटारींच्या दुकानात गेलं, की तिथल्या प्रत्येक गाडीच्या काचेवर एक छापील कागद चिकटवलेला दिसतो. गाडी कोणती, ती कुठं जोडली गेली, तिची सुचवलेली किंमत किती, जादा बसवलेल्या प्रत्येक वस्तूचे किती, कारखान्यापासून इथवर आणण्याचा खर्च किती आणि शेवटी एकूण बेरीज किती, हे सारं त्यावर ओळीनं मांडलेलं असतं. आपल्यापैकी कित्येकांची मुलं, भाचे-पुतणे आज तिकडे स्थायिक झाले आहेत. त्यांनी पहिली नवी गाडी घेतली तेव्हा हा कागद नक्की वाचला असणार, आणि गाडी घरी आणल्यावर सोलून केराच्या टोपलीत टाकला असणार. मोटारींच्या धंद्यातली माणसं या कागदाला ‘मन्रोनी’ म्हणतात. हे एका माणसाचं आडनाव आहे, हे मात्र तिथंही फार थोड्यांना ठाऊक असतं.

आल्मर स्टिलवेल मन्रोनी, सगळ्यांचा माइक मन्रोनी, २ मार्च १९०२ रोजी ओक्लाहोमा सिटी इथं जन्मला. ओक्लाहोमाला तेव्हा राज्याचा दर्जाही मिळालेला नव्हता. तो १९०७ साली मिळाला. माइकनं १९२४ मध्ये ओक्लाहोमा विद्यापीठाची पदवी घेतली आणि तो ‘ओक्लाहोमा न्यूज’ या दैनिकात बातमीदार म्हणून लागला. राजकारणाच्या बातम्या तो लिहीत असे. वर्तमानपत्राचा हा संसार चार वर्षं टिकला. १९२८ मध्ये घरच्या फर्निचरच्या दुकानाची जबाबदारी त्याच्या अंगावर आली आणि हातातली लेखणी खाली ठेवून तो गल्ल्यावर बसला.

पुढल्याच वर्षी शेअर बाजार कोसळला आणि महामंदी आली. ज्या काळात माणसं जेवणाखाण्याचा खर्च कमी करत होती, त्या काळात टेबल-खुर्च्या आणि पलंग विकायचे होते. मन्रोनींनी ते दहा वर्षं केलं. फर्निचरचा धंदा आणि मोटारीचा धंदा यांत एक साम्य आहे. दोन्ही वस्तू माणूस वरचेवर घेत नाही, त्यामुळे त्यांचा खरा भाव त्याला पाठ नसतो. साखरेचा भाव घरातल्या बाईला कुणी फसवून सांगू शकत नाही. पलंगाचा किंवा मोटारीचा सांगू शकतो. पुढं सिनेटमध्ये मोटारविक्रेत्यांच्या साक्षी ऐकताना मन्रोनींना ज्या गोष्टी झटकन कळल्या, त्यांची मुळं या दुकानात असावीत, असं मला वाटतं. गिऱ्हाईक दारातून परत जाताना दुकानदाराच्या पोटात काय होतं, हे त्यांना पुस्तकात वाचावं लागलं नव्हतं.

१९३८ साली डेमोक्रॅटिक पक्षातर्फे ते प्रतिनिधीगृहावर निवडून आले आणि १९५१ पर्यंत तिथं राहिले. तिथलं त्यांचं मोठं काम म्हणजे १९४६ चा संसदेच्या पुनर्रचनेचा कायदा. सिनेटर रॉबर्ट ला फॉलेट (धाकटे) यांच्याबरोबर त्यांनी तो तडीस नेला. प्रतिनिधीगृहाच्या ४८ स्थायी समित्या त्यामुळे १९ वर आल्या, सिनेटच्या ३३ च्या १५ झाल्या, आणि खासदारांकडे वशिला लावण्याचा व्यवसाय करणाऱ्यांना आपली नावं नोंदवणं भाग पडलं. पसारा आवरावा आणि झाकलेलं उघड करावं, ही या माणसाची वृत्ती तेव्हाच दिसते. १९५० मध्ये ते सिनेटवर निवडून आले.

आता मोटारींच्या बाजाराकडे वळू. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत खासगी मोटारींचं उत्पादन जवळजवळ थांबलं होतं. युद्ध संपल्यावर गाड्यांसाठी रांगा लागल्या. आपल्याकडे फियाट आणि ॲम्बॅसेडरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसलेल्या पिढीला ती अवस्था समजावून सांगायला नको. पण दहा वर्षांत चित्र उलटं झालं. १९५५ साली अमेरिकन कारखान्यांनी सुमारे ७९ लाख मोटारी बाहेर काढल्या. गिऱ्हाइकं तेवढी नव्हती. कारखान्यांनी गाड्या विक्रेत्यांच्या गळ्यात मारायला सुरुवात केली. विक्रेत्याचा करार बहुधा वर्षाचा असे. गाड्या उचलल्या नाहीत तर तो पुढं चालू राहीलच याची खात्री नसे. मग विक्रेत्यानं त्या गाड्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायच्या. वर्तमानपत्रांची पानं, रेडिओ आणि नुकताच घराघरांत शिरलेला टीव्ही अफाट सवलतींच्या जाहिरातींनी भरून गेले.

या सवलतींची मेख अशी होती, की त्या कशातून वजा केल्या जात आहेत हे कुणालाच माहीत नसे. समजा, एका गाडीची कारखान्यानं सुचवलेली किंमत २,५०० डॉलर आहे. विक्रेता ती तोंडी २,९०० सांगायचा. गिऱ्हाइकाच्या जुन्या गाडीचा बाजारभाव ५०० असला, तर उदार होऊन तिचे ९०० लावायचा. हिशेब एकच, द्यायचे दोन हजार. पण गिऱ्हाईक खुशीत, आपल्या जुन्या गाडीचं सोनं झालं म्हणून. या फुगवलेल्या किमतीला त्या धंद्यात ‘पॅक’ असं नाव होतं. काही ठिकाणी ती चारशेनं फुगवून सूट तीनशेचीच दिली जाई, आणि उरलेले शंभर गिऱ्हाइकाच्या आनंदात विरून जात.

दुसरी युक्ती याहून वाईट. जाहिरातीत किंवा पहिल्या भेटीत मुद्दाम कमी भाव सांगायचा, सौदा ठरला म्हणून हात मिळवायचा, आणि मग विक्रेत्याच्या माणसानं आत साहेबांना विचारून यायचं. बाहेर येताना त्याचा चेहरा पडलेला असे: साहेब तयार नाहीत, आणखी थोडे पडतील. गिऱ्हाइकानं उठून जावं, तर त्याची जुनी गाडी तपासायला म्हणून आत नेलेली असे आणि किल्ली दुकानदाराकडे. काही जण कोऱ्या करारावरच सही घेत आणि व्याज, विमा आणि इतर आकार मागाहून भरत.

बँकेत मोटारकर्ज मागायला येणारी माणसं मी अनेक वर्षं पाहिली आहेत. त्यांतल्या पुष्कळांना गाडीची किंमत नीट सांगता येत नसे. महिन्याचा हप्ता मात्र तोंडपाठ असे. हप्ता परवडतो म्हणजे गाडी स्वस्त पडली, असा हिशेब असायचा. विकणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं. एक मोठी रक्कम लपवायची असेल, तर तिचे लहान लहान तुकडे करावेत.

आता या गावात एखादा सरळ विक्रेता आहे असं समजू. तो २,५०० ही खरी किंमत सांगतो आणि जुन्या गाडीचे ५०० देऊ करतो. समोरच्या दुकानात ९०० मिळतात हे ऐकून आलेलं गिऱ्हाईक त्याला लुच्चा ठरवून निघून जातं. त्याच्यापुढं दोनच वाटा उरतात: आपणही खोटं बोलावं, नाहीतर दुकान बंद करावं. खोट्या जाहिरातीचा बळी म्हणून आपण नेहमी ग्राहकाकडे बोट दाखवतो. पण त्याच्या आधी बळी जातो तो खरं बोलणारा दुकानदार, आणि तो गेला की ग्राहकाला वालीच उरत नाही. मन्रोनींच्या सगळ्या खटाटोपाचा गाभा मला इथं दिसतो.

मोटारविक्रीतल्या प्रथांची चौकशी करणाऱ्या सिनेटच्या उपसमितीचे ते अध्यक्ष होते. १९५५ पासून तिच्यापुढं साक्षी झाल्या. विक्रेते आले, कारखान्यांचे प्रतिनिधी आले. बाजू एकाच दिशेची नव्हती. कारखान्यांकडून होणाऱ्या जाचाच्या कहाण्या विक्रेत्यांनी सांगितल्या आणि त्याच वेळी विक्रेत्यांच्या करामतीही चव्हाट्यावर आल्या. संसदेतल्या या चौकश्यांच्या दडपणाखाली जनरल मोटर्सनं १९५६ मध्ये विक्रेत्यांचा करार एका वर्षाऐवजी पाच वर्षांचा केला. विक्रेत्यांशी सचोटीनं न वागणाऱ्या कारखान्याला कोर्टात खेचण्याची मुभा देणारा कायदाही त्याच वर्षी झाला. विक्रेत्याला असं थोडं संरक्षण मिळालं. राहिलं होतं ते ग्राहकाचं.

इथं मन्रोनींपुढं एक सोपा मोह होता. सरकारनं किंमत ठरवून द्यावी, असं ते म्हणू शकले असते. त्यांनी तसं केलं नाही. त्यांच्या कायद्यानं कुणाचीही किंमत बांधली नाही, कुणाची सूट अडवली नाही. एवढंच सांगितलं, की कारखान्यानं स्वतः सुचवलेली किंमत तपशिलासह लिहून काचेवर चिकटवली पाहिजे आणि तो कागद गाडीच्या खऱ्या मालकाच्या हाती गाडी पडेपर्यंत तिथंच राहिला पाहिजे. आपल्याकडे साबणाच्या वडीवर छापलेली एमआरपी ही कमाल मर्यादा असते. मन्रोनींच्या कागदावरची किंमत केवळ सुचवलेली आहे. तिच्याहून कमी घ्या, वाटल्यास जास्तही मागा. मात्र काय मागता ते गिऱ्हाइकाला ताडून पाहता आलं पाहिजे. जाहिरातीतल्या सवलतीला प्रथमच पायाखाली जमीन मिळाली. चारशे डॉलरची सूट म्हणजे कशातून चारशे, हे विचारण्याची सोय झाली.

आणि हे सारं सदिच्छेवर सोडलं नव्हतं. कागद न चिकटवणाऱ्या कारखान्याला प्रत्येक गाडीमागं १,००० डॉलरपर्यंत दंड. ग्राहकाकडे जाण्याआधी कुणी तो काढला किंवा त्यात खाडाखोड केली, तर १,००० डॉलरपर्यंत दंड, वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही. अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी ७ जुलै १९५८ रोजी या कायद्यावर सही केली. अलास्काला राज्याचा दर्जा देणाऱ्या कायद्यावरही त्यांनी त्याच दिवशी सही केली. एक कागद विसरला जाणं साहजिकच होतं. १९५९ च्या मॉडेलांपासून काचांवर कागद दिसू लागले. फेडरल ट्रेड कमिशननं १९५८ मध्ये खोट्या सवलतींबद्दल आणि १९५९ मध्ये गळाला लावलेल्या आमिषासारख्या जाहिरातींबद्दल सर्वच धंद्यांसाठी मार्गदर्शक सूत्रं काढली.

१९५८ हे वर्ष मन्रोनींच्या आयुष्यातलं सुगीचं वर्ष म्हणावं लागेल. दोन वर्षांपूर्वी, जून १९५६ मध्ये, ग्रँड कॅन्यनवर दोन प्रवासी विमानांची टक्कर होऊन १२८ माणसं मेली होती. आकाशातल्या वाहतुकीची जबाबदारी एका हाती देणारा विमानवाहतूक कायदा मन्रोनींनी याच वर्षी पुढाकार घेऊन मंजूर करवला. ओक्लाहोमा सिटीतल्या विमानवाहतूक केंद्राला आज त्यांचं नाव आहे. याच वर्षी त्यांनी सिनेटपुढं आणखी एक ठराव मांडला. गरीब देशांना बाजारभावानं कर्ज परवडत नाही, तेव्हा जागतिक बँकेच्या जोडीला सौम्य अटींवर कर्ज देणारी वेगळी संस्था असावी, अशी त्यात कल्पना होती. त्यातून १९६० साली आंतरराष्ट्रीय विकास संघटना, म्हणजे ‘आयडीए’, उभी राहिली. पन्नास वर्षांची मुदत, पहिली दहा वर्षं मुद्दलाची परतफेड नाही, व्याज नाही, फक्त पाऊण टक्का सेवाशुल्क. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला या अटी वाचून डोळे चोळावेसे वाटतात. पुढली कित्येक दशकं या संस्थेचा सर्वांत मोठा कर्जदार भारत होता. २०१४ साली आपण त्या रांगेतून बाहेर पडलो. कोयनेच्या वीजप्रकल्पालाही या संस्थेचं कर्ज मिळालं होतं. ओक्लाहोमाच्या फर्निचरवाल्याचा आपल्या घरातल्या दिव्याशी असा धागा आहे.

मतदारांना मात्र अशा गोष्टी लक्षात ठेवण्याचं बंधन नसतं. १९६८ च्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाचे माजी गव्हर्नर हेन्री बेलमन यांनी मन्रोनींना हरवलं. प्रतिनिधीगृह आणि सिनेट मिळून तीस वर्षांची कारकीर्द जानेवारी १९६९ मध्ये संपली. १३ फेब्रुवारी १९८० रोजी, वयाच्या ७७ व्या वर्षी, ते वारले. त्यांच्या अस्थी वॉशिंग्टनच्या नॅशनल कॅथीड्रलमध्ये ठेवल्या आहेत.

कागद मात्र वाढत गेला. सत्तरच्या दशकात गाडी एका गॅलनला किती मैल जाते हे काचेवर लिहिणं आलं. नव्वदच्या दशकात तिचे किती सुटे भाग कुठल्या देशातले हे आलं. अपघाताच्या चाचणीत तिला मिळालेले तारे २००७ च्या सुमारास आले. वापरलेल्या मोटारींसाठी १९८५ पासून वेगळा कागद सक्तीचा झाला; गाडी हमीसह की ‘आहे तशी’, हे त्यावर लिहावं लागतं.

मग सगळं आलबेल झालं का? तसं नाही. लबाडीही शिकत असते. २०२१-२२ मध्ये चिपच्या टंचाईमुळे गाड्या मिळेनाशा झाल्या, तेव्हा अनेक विक्रेत्यांनी मन्रोनींच्या कागदाशेजारी स्वतःचा दुसरा कागद लावला. त्यावर बाजारभावातला फरक म्हणून हजारो डॉलर, शिवाय न मागितलेल्या लेपांचे आणि फिल्मचे पैसे. जाहिरातीत दाखवलेली किंमत अशी असावी की कुणालाही तेवढ्यात गाडी मिळेल, असा नियम फेडरल ट्रेड कमिशननं डिसेंबर २०२३ मध्ये केला. विक्रेत्यांच्या संघटना कोर्टात गेल्या. जानेवारी २०२५ मध्ये अपील न्यायालयानं तो नियम रद्द केला, तोही नियम करताना आधीची एक पायरी गाळली या कारणावरून. नियम चांगला की वाईट, हा निकाल झालाच नाही.

मन्रोनींचा कायदा मात्र उभा आहे. त्या दुसऱ्या कागदावरचे पैसे वाढीव आहेत हे ग्राहकाला कळतं, ते शेजारी पहिला कागद असतो म्हणूनच. तुमच्या मुलानं किंवा सुनेनं तिकडे नवी गाडी ठरवली, तर फोनवर रंग विचारण्याआधी त्या कागदावरची शेवटची बेरीज विचारा, आणि करारावरची बेरीज तिच्याशी ताडून पाहायला सांगा. दोन्हींत फरक असेल, तर तो कशाचा, हे विक्रेत्याकडून लिहून घ्यायला सांगा.