बत्तिसांतला एक

पुण्याच्या मंडईत मी पहिल्यांदा गेलो तो आजोबांच्या धोतराचा सोगा धरून. तेव्हा मी पाच-सहा वर्षांचा असेन. दगडी कमानी, मधला उंच मनोरा, ओट्यांवर रचलेली वांगी आणि भोपळे, कोथिंबिरीच्या जुड्यांवर मारलेले पाणी आणि त्या सगळ्याचा मिळून येणारा ओला वास आजही आठवतो. आजोबा त्या इमारतीला शेवटपर्यंत रे मार्केट म्हणत. वडील म्हणत फुले मंडई. घरात यावरून बापलेकांची थट्टा चाले. जोतीराव फुल्यांचे नाव दिले आहे म्हणजे ती त्यांनीच बांधवून घेतली असणार, असे मी धरून चाललो होतो. पुढे मास्तरकी करू लागल्यावर धनंजय कीर यांनी लिहिलेले चरित्र हाती आले आणि कळले, की प्रकार नेमका उलटा होता. ही इमारत बांधण्यास जोतीरावांनी विरोध केला होता.

हे मला मागच्या पावसाळ्यात पुन्हा आठवले, त्याला कारण घडले. निवृत्तीनंतर मी ज्या गावात राहतो, त्याचे नाव सांगत नाही. वाचणाऱ्याने आपल्याच गावाचे नाव घातले तरी चालेल. आमच्या गल्लीच्या तोंडाशी गटारावरचे झाकण गेले होते आणि त्याच वळणावरचा दिवा चार महिने बंद होता. त्याच सुमारास गावात एक बडे पाहुणे यायचे होते. स्वागताची तयारी ठरवण्यासाठी नागरिकांची समिती नेमली गेली. निवृत्त मुख्याध्यापक म्हणून तीत मलाही घेतले. कमान, रोषणाई, पताका यांचा खर्च पालिकेने करावा असे ठरले आणि हात वर करायला सांगितले गेले. सगळ्यांनी केले. मीही केला. दिव्याची गोष्ट माझ्या ओठांवर होती, पण मंगल प्रसंगी कुठे अपशकुन करा, असे वाटले. पाहुणे येऊन गेले. कमान उतरवल्यानंतर आठवड्याभरात शेजारच्या आजी अंधारात त्या गटारात पडल्या. खुब्याचे हाड मोडले. त्या आता काठीवाचून चालत नाहीत. पालिकेवर रागवायला मी मोकळा आहे, पण वर केलेला तो हात मला खाली घेता येत नाही.

म्हणून आज जोतीरावांबद्दल लिहायचे आहे, आणि त्यांच्या आयुष्यातल्या अशा एका भागाबद्दल, जो शाळेच्या पुस्तकात एका ओळीत संपतो. १८७६ पासून सुमारे सहा वर्षे ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते.

आधीचे आयुष्य थोडक्यात सांगतो, कारण ते महाराष्ट्राला पाठ आहे. ११ एप्रिल १८२७ चा जन्म. घराणे माळ्याचे, फुलांच्या धंद्यावरून फुले हे नाव पडलेले. आई चिमणाबाई लवकर गेली; सगुणाबाईंनी वाढवले. शिक्षण स्कॉटिश मिशनच्या शाळेत. १८४८ मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली आणि सावित्रीबाईंना शिक्षिका म्हणून उभे केले. त्यापायी वडिलांचे घर सुटले. १८६३ मध्ये फसवल्या गेलेल्या विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. १८७३ मध्ये गुलामगिरी हे पुस्तक आले आणि त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाज स्थापन झाला.

या साऱ्यात दोन गोष्टी अशा आहेत, की त्यांच्यातला पुढचा नगरपालिका सभासद तिथेच दिसू लागतो. पहिली पाण्याची. पेशवाईपासून पुण्याला कात्रजच्या तलावाचे पाणी नळाने येई आणि शहरातल्या हौदांत पडे. पण हौद असला म्हणजे पाणी सर्वांचे असे नव्हे. अस्पृश्यांना त्या हौदांवर जाता येत नसे. १८६८ मध्ये जोतीरावांनी आपल्या घरचा हौद त्यांच्यासाठी खुला केला. आज आपण ज्याला नागरी सुविधा म्हणतो, ती कोणाच्या दारापर्यंत पोचते आणि कोणाच्या दाराआधी थांबते, हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या अंगणात सोडवला होता, पालिकेत पाऊल टाकण्यापूर्वी आठ वर्षे.

दुसरी गोष्ट त्यांच्या धंद्याची. जोतीराव हे पोटासाठी ठेकेदारी करणारे गृहस्थ होते, हे आपण सहसा विसरतो. धातूच्या ओतकामाला लागणाऱ्या मुशी विकण्याचे त्यांचे दुकान होते. येरवड्याचा पूल, खडकवासल्याचे धरण अशा कामांवर त्यांनी माल पुरवला, मजूर जवळून पाहिले. दगडाचा भाव काय, चुन्यात किती भेसळ होते, हजेरीपटावर किती नावे खरी आणि किती खोटी, हे त्यांना कोणी सांगावे लागत नव्हते. बांधकाम खात्यात पैसा कसा मुरतो याविषयी त्यांनी गुलामगिरीच्या काळातच उघडपणे लिहिले. असा माणूस नगरपालिकेच्या सभेत येऊन बसला, की अंदाजपत्रक मांडणाऱ्याची जरा अडचणच होत असणार.

त्या वेळची नगरपालिका आजच्यासारखी नव्हती. निवडणुका नव्हत्या. सभासद सरकार नेमी. म्हणजे जोतीरावांना त्या खुर्चीवर पुण्याच्या मतदारांनी बसवले नव्हते, इंग्रज सरकारने बसवले होते. नेमणूक हा मानाचा तुकडा समजला जाई. तो मिळालेल्या माणसाने सरकारी ठरावाला मान डोलवावी, अशीच अपेक्षा असायची, आणि बहुतेक जण ती पुरी करत. शिवाय जोतीराव इंग्रजी राज्याचे कडवे शत्रूही नव्हते. या राज्यामुळे शूद्रातिशूद्रांना शिक्षणाची दारे किलकिली झाली, असे ते मानत आणि तसे लिहीत. १८५२ मध्ये याच सरकारने विश्रामबाग वाड्यात त्यांचा शालजोडी देऊन सत्कार केला होता. गप्प बसायला त्यांना कारणे भरपूर होती.

ते सभासद झाले आणि लगेच १८७६-७७ चा दुष्काळ पडला. माणसे गावे सोडून निघाली, मुलांना वाटेवर टाकून गेली. सत्यशोधक समाजाने धनकवडीला मुलांसाठी व्हिक्टोरिया बालाश्रम उघडून अन्नछत्र चालवले. त्यासाठी मदतीची पत्रके काढून जोतीराव दारोदार फिरत होते. एका हाताने भाकरीसाठी वर्गणी मागायची आणि दुसऱ्या हाताने रोषणाईच्या ठरावाला संमती द्यायची, हे ज्याला जमत नाही अशा माणसाची पुढची हकीकत आता समजेल.

व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला यायचे ठरले. अध्यक्षांनी सभेपुढे प्रस्ताव ठेवला, की शहर सजवावे, मानपत्र द्यावे आणि त्यासाठी एक हजार रुपये खर्चावे. हा लिटन म्हणजे ज्याने १८७८ मध्ये देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांचे तोंड बांधणारा कायदा केला तोच. दुष्काळाच्या वर्षी दिल्लीत दरबार भरवणाराही तोच. जोतीरावांनी उभे राहून हरकत घेतली. हा पैसा कर भरणाऱ्यांचा आहे, पाहुण्याच्या डोळ्यांचे पारणे फेडण्याऐवजी तो पुण्यातल्या गोरगरिबांच्या शिक्षणाला लावावा, असा त्यांचा मुद्दा होता. मते घेतली गेली. सभेत बत्तीस सभासद होते. विरुद्ध मत पडले एक.

ठराव अर्थातच मंजूर झाला. शहर सजले. जोतीरावांच्या मताने एक पताकाही कमी झाली नाही. पण त्या दिवसापासून कागदावर राहिले, की त्या खोलीत एकाला विचारायचे सुचले होते. मी माझ्या नागरिक समितीचे दृश्य आठवतो तेव्हा ही गोष्ट मला टोचते. तिथे माझ्यासमोर व्हाइसरॉय नव्हता. नेमणूक जाण्याची भीती नव्हती. होता तो फक्त संकोच.

दुसरी हकीकत दारूच्या दुकानांची. पूर्वी शहरात दारूची दुकाने मोजकी होती. सरकारला अबकारीचे उत्पन्न हवे म्हणून परवाने वाढत गेले. जुलै १८८० मध्ये जोतीरावांनी नगरपालिकेचे काम पाहणारे प्लंकेट यांना पत्र लिहिले. त्या पत्राची रीत पाहण्यासारखी आहे. त्यात मद्यपानावर कीर्तन नाही, हिशेब आहे. नगरपालिका शहराच्या आरोग्यावर मोठी रक्कम खर्च करते, त्यासाठी स्वतंत्र खाते पोसते. आणि त्याच शहरात आरोग्य आणि नीती दोन्ही बुडवणारी दुकाने उघडली जातात. मग या दुकानांवर, ती जितके नुकसान करतात त्या मानाने, पालिकेने कर का बसवू नये? सध्या काही कर बसवलेला आहे काय, असल्यास किती, हेही त्यांनी विचारले होते. आज माहिती अधिकाराचा अर्ज लिहिणारा जागरूक नागरिक जे करतो तेच हे आहे. मत मांडायचे, पण त्याला एक असा प्रश्न जोडायचा, की ज्याचे उत्तर आकड्यातच द्यावे लागेल.

दारूच्या दुकानाचा प्रश्न हा वस्तीच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे, हे बायकांना कोणी शिकवावे लागत नाही. संध्याकाळी त्या वळणावरून क्लासहून येणाऱ्या मुलीला ते माहीत असते. महाराष्ट्रात पुढे आडवी बाटली हे चिन्ह घेऊन स्त्रियांनी मतदानाने दुकाने बंद पाडली, तेव्हा त्यांच्या मागणीचा धागा पुण्याच्या त्या पत्रापर्यंत मागे जातो, असे मला वाटते.

आता मंडई. तोवर भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या मैदानात उघड्यावर भरे. पावसात चिखल, उन्हात धूळ. त्याऐवजी शुक्रवार पेठेत भव्य इमारत बांधावी, असा बेत निघाला. खर्च लाखांच्या घरातला. जोतीराव स्वतः माळी, भाजी-फुले विकणारे लोक त्यांचे नातेवाईक. इमारतीचा फायदा कोणाला झाला असता तर यांच्याच लोकांना. तरी त्यांनी विरोध केला. प्राथमिक शाळांना पैसा नाही असे सांगणारी नगरपालिका एका इमारतीवर एवढा पैसा कुठून काढते, हा त्यांचा प्रश्न होता. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढेही त्यांनी हाच हिशेब मांडला: पैसा रयतेच्या घामातून जमतो आणि शिक्षणाचा लाभ वरच्या मूठभरांना होतो. मंडई मात्र झाली. १८८६ मध्ये ती उघडली आणि मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव तिला मिळाले.

खरे सांगायचे तर मंडई वाईट झाली नाही. जवळजवळ एकशे चाळीस वर्षे तिने पुण्याला भाजी खाऊ घातली आहे. २०२४ पासून तिच्याजवळ भुयारी मेट्रोचे स्थानकही आहे. जोतीरावांचा विरोध हरला, आणि इमारतीपुरते बोलायचे तर तो हरला याचे पुणेकरांना दुःख नाही. पण त्यांनी विचारलेला प्रश्न इमारतीबरोबर संपला नाही. आधी काय आणि मग काय, आणि हे कोणी ठरवायचे? तो प्रश्न प्रत्येक अंदाजपत्रकाच्या दिवशी नव्याने उभा राहतो.

पालिकेतून बाहेर पडल्यावरही त्यांची ही खोड गेली नाही. १८८३ मध्ये शेतकऱ्याचा असूड लिहून झाला. १८८८ मध्ये पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानार्थ मेजवानी होती. जरीचे अंगरखे आणि हिऱ्यांच्या अंगठ्या यांच्या गर्दीत जोतीराव शेतकऱ्याच्या फाटक्या वेषात गेले आणि राणीच्या मुलाला सांगून आले, की इथे बसलेले लोक म्हणजे हिंदुस्थान नव्हे, खरा देश पाहायचा तर खेड्यांत आणि अस्पृश्यांच्या वस्तीत जा. त्याच वर्षी मुंबईच्या कामकरी लोकांनी त्यांना महात्मा म्हटले. त्याच वर्षी अर्धांगवायूने उजवा हात गेला, तेव्हा डाव्या हाताने लिहून त्यांनी सार्वजनिक सत्यधर्म पुरे केले. २८ नोव्हेंबर १८९० ला ते गेले.

मग काळाने एक गंमत केली. आचार्य अत्रे पुणे नगरपालिकेत आले आणि त्यांच्या पुढाकाराने रे मार्केटचे नाव महात्मा फुले मंडई झाले. ज्याने खर्चाला हरकत घेतली, त्याचेच नाव त्या खर्चावर लागले. मला यात विसंगती दिसत नाही. प्रश्न विचारणाऱ्याचे नाव सार्वजनिक पैशाच्या इमारतीवर असावे, हेच ठीक आहे. आत जाणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याच्या ते नजरेस पडते.

जोतीरावांना निवडून येण्याची सोय नव्हती. आपल्याला ती आहे, आणि तिची आपण काय किंमत ठेवली? २०२२ मध्ये पुणे, मुंबईसह अनेक महापालिकांची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ तिथे लोकांनी निवडलेला एकही सभासद नव्हता. सारा कारभार प्रशासकांच्या हाती होता. त्या काळात किती ठराव झाले असतील आणि त्यांना उभे राहून हरकत घ्यायला सभागृहात कोण होते? आपण मोर्चे काढले नाहीत. सवय करून घेतली.

आजी रुग्णालयातून घरी आल्या त्या दिवशी मी अर्ज लिहायला बसलो. पहिला खर्डा रागाचा झाला, फाडला. दुसऱ्यात जोतीरावांची रीत धरली. झाकण कोणत्या तारखेला गेले, तक्रार कोणत्या तारखेला नोंदली, दिव्याच्या दुरुस्तीवर वर्षभरात किती खर्च पडला आणि स्वागताच्या कमानीवर किती, एवढेच विचारले. कार्यालयातल्या कारकुनाने तो वाचला आणि मागे आणखी कोण आहे का, किती सह्या आहेत, अशी चौकशी केली. एकच आहे, असे मी सांगितले. त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि पोच म्हणून शिक्का मारून दिला.

झाकण बसले आहे. दिवा अजून लागायचा आहे. कमानीच्या खर्चाच्या उत्तराची मी वाट पाहतो आहे.