अ‍ॅमी जॉन्सन : लंडन ते डार्विन, २० दिवस

मार्च २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थहून निघालेले पहिले थेट प्रवासी विमान वाटेत कोठेही न उतरता सुमारे १७ तासांत लंडनला पोहोचले. इंग्लंड-ऑस्ट्रेलिया हा प्रवास १९३० मध्ये एका २६ वर्षांच्या तरुणीने एकटीने केला, तेव्हा तिला २० दिवस लागले होते. ती तरुणी म्हणजे अ‍ॅमी जॉन्सन.

इंग्लंडमधील हल या बंदरात १ जुलै १९०३ रोजी अ‍ॅमी यांचा जन्म झाला. वडील मासळीचे व्यापारी. शेफिल्ड विद्यापीठाची पदवी घेऊन त्या लंडनमध्ये वकिलांच्या कचेरीत नोकरीला लागल्या आणि फावल्या वेळात विमानविद्या शिकू लागल्या. १९२९ मध्ये त्यांनी वैमानिकाचा परवाना मिळवलाच. शिवाय विमानदुरुस्तीचा परवाना मिळवणाऱ्या त्या पहिल्या ब्रिटिश महिला ठरल्या.

वडील आणि लॉर्ड वेकफिल्ड यांच्या मदतीने त्यांनी ६०० पौंडांना एक जुने ‘जिप्सी मॉथ’ विमान घेतले. वडिलांच्या व्यापारचिन्हावरून त्याचे नाव ठेवले ‘जेसन’. लाकूड व कापडाचे हे उघडे विमान ताशी जेमतेम १३५-१४० किलोमीटर वेगाने उडे. त्यात रेडिओ नव्हता. तोवर लंडन ते हल यापलीकडे लांबचे उड्डाण अ‍ॅमी यांनी केलेले नव्हते.

५ मे रोजी त्या लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरून निघाल्या. बर्ट हिंकलर यांचा १९२८ चा साडेपंधरा दिवसांचा विक्रम मोडणे हे त्यांचे उद्दिष्ट होते. व्हिएन्ना, बगदादमार्गे सहाव्या दिवशी त्या तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या कराचीला पोहोचल्या, तेव्हा त्या हिंकलर यांच्या दोन दिवस पुढे होत्या. मात्र पुढे इंधन कमी पडल्याने त्यांना झाशीच्या परेड मैदानावर उतरावे लागले. रंगूनजवळ उतरताना विमान खड्ड्यात जाऊन मोडले. दुरुस्तीत दिवस गेले आणि विक्रम हातचा निसटला. तरीही माघार न घेता, सुमारे ११ हजार मैलांचे अंतर कापून त्या २४ मे रोजी डार्विनला उतरल्या. ऑस्ट्रेलियापर्यंत एकटीने उड्डाण करणारी पहिली महिला म्हणून त्यांचे जंगी स्वागत झाले.

दुसऱ्या महायुद्धात त्या कारखान्यांतून हवाई दलाच्या तळांवर विमाने पोहोचवण्याचे काम करीत. ५ जानेवारी १९४१ रोजी ब्लॅकपूल ते ऑक्सफर्डजवळचा किडलिंग्टन तळ हे तासाभराचे अंतर त्यांना कापायचे होते. हवामान खराब होते. तीन तासांहून अधिक काळानंतर त्यांचे विमान वाटेपासून कितीतरी दूर, थेम्स नदीच्या मुखाशी कोसळले. त्यांना वाचवण्यासाठी गोठणाऱ्या पाण्यात उडी घेणारे नौदल अधिकारी वॉल्टर फ्लेचर यांचाही मृत्यू झाला. अ‍ॅमी यांचा मृतदेह कधीच सापडला नाही.

‘जेसन’ मात्र लंडनच्या विज्ञान संग्रहालयात जतन करण्यात आले आहे.