अणुशक्तीला रुग्णशय्येपर्यंत नेणारे भाभा

सेवाग्राम वा सावंगी (मेघे) येथे किरणोपचारासाठी आलेल्या वर्धा जिल्ह्यातील रुग्णाला डॉ. होमी भाभा आठवण्याचे काही कारण नाही. अणुभट्ट्यांशीच त्यांचे नाव जोडले गेले आहे. कर्करोगाशी मात्र त्यांच्या घराची गाठ फार आधी पडली होती.

मुंबईत ३० ऑक्टोबर १९०९ रोजी जन्मलेले होमी १९२७ मध्ये केंब्रिजला गेले. त्यांनी अभियंता व्हावे, ही घरच्यांची इच्छा. त्यांचा ओढा भौतिकशास्त्राकडे. ते तेथे असतानाच १९३१ मध्ये आत्या मेहेरबाई टाटा यांचे रक्ताच्या कर्करोगाने ब्रिटनमध्ये निधन झाले. तेथल्यासारखे उपचार भारतात मिळावेत, हा पती सर दोराबजी यांचा ध्यास होता; पण वर्षभरातच तेही गेले. त्यांच्या विश्वस्तांनी २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा स्मारक रुग्णालय सुरू केले.

भाभा १९३९ मध्ये सुटीवर भारतात आले आणि महायुद्धामुळे येथेच राहिले. देशाच्या दृष्टीने ही इष्टापत्तीच! १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था, १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग आणि ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भे येथील ‘अप्सरा’ अणुभट्टी, असा हा प्रवास झाला. अणुभट्टीमुळे औषधोपयोगी किरणोत्सारी समस्थानिके देशातच तयार करता येऊ लागली.

टाटा रुग्णालय १९५७ मध्ये केंद्रीय आरोग्य खात्याकडे गेले आणि १९६२ मध्ये भाभांच्या अणुऊर्जा खात्याकडे आले. अणुऊर्जा खात्याला रुग्णालय कशाला, असे कोणालाही वाटावे. पण किरणोपचारात डॉक्टरांइतकाच भौतिकशास्त्रज्ञही लागतो, आणि किरणोत्सारी द्रव्य तर तुर्भ्यातच बनत होते. आत्याच्या स्मृतीशी निगडित रुग्णालय अशा रीतीने भाच्याच्या खात्यात आले.

२४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ शिखरावरील विमान अपघातात भाभांचा अंत झाला. वय अवघे ५६.

त्यांचे नाव लाभलेल्या तुर्भ्याच्या केंद्राने पुढे आयोडीन-१२५ ची ‘बीजे’ तयार केली. टायटॅनियमच्या आवरणातील ही बीजे तांदळाच्या दाण्याहूनही बारीक असतात. त्यांची तीव्रता सुमारे ६० दिवसांत निम्मी होते. भारतात ती प्रामुख्याने डोळ्यांच्या कर्करोगासाठी वापरली गेली. फुप्फुसातील गाठीत, विशेषतः शस्त्रक्रिया शक्य नसेल तेव्हा, सीटी स्कॅनच्या साहाय्याने सुईवाटे अशीच बीजे रोवली जातात. ही पद्धत चीनमध्ये अधिक रुळली आहे. बीजे नंतर काढावी लागत नाहीत. किरणोत्सार ओसरला तरी ती शरीरातच राहतात.